झाडाची खरी जमीन

वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत दुपारी हिरवा उजेड पडतो. अंगणातल्या झाडाच्या फांद्या हलल्या की तो भिंतीवरून छतावर जातो, छतावरून माझ्या पांघरुणावर. डोळा लागला की खोली पाण्यात बुडाल्यासारखी होते आणि आमचे हे, जाऊन अकरा वर्षं झाली तरी, पलंगाच्या कडेला बसून चष्मा पुसत असतात.

ते झाड मुलाला तोडायचं होतं. वाईट हेतू नव्हता. माझे गुडघे जिन्यावर कुरकुरतात, म्हणून झाडाच्या जागी मला खाली खोली बांधून द्यायची होती. मी नको म्हणाले, पण लेक मायेनं हट्टाला पेटला की आईचं काही चालत नाही. त्याने अर्ज केला.

आमच्या वस्तीत कायदा आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर चार फूट भरला, तर ते झाड घरमालकालाही तोडता येत नाही. मोजणीवाली बाई आली. पट्टी उभी धरून तिने खूण केली, टेप गुंडाळली आणि सांगितलं, दोन इंच कमी, तोडता येईल. मुलगा माझ्याकडे न बघता सहीसाठी खिशात पेन शोधू लागला.

मी पायरीवर बसले होते. बघता बघता मला झाड बुटकं दिसू लागलं, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून बसलेल्या माणसासारखं. ते पांघरूण मीच घातलं होतं. तीस वर्षं रोज अंगण झाडलं आणि पाचोळा बुंध्याशी लोटला. वर भाज्यांची सालं. त्याची माती होत गेली, पसरत गेली. ढीग असा कधी दिसलाच नाही, अंगणच हळूहळू वर आलं.

“बाई,” मी म्हणाले, “तुम्ही जमिनीपासून नाही मोजलंत. माझ्या केरापासून मोजलंत.”

ती हसली. मग खाली वाकून तिने मूठभर माती चुरून पाहिली आणि फावडं मागितलं. खणलं मुलानेच. हातभर खाली मुळांचे फाटे लागले आणि त्यांच्या शेजारी आमची जुनी फरशी. बाईने तिथून पुन्हा पट्टी धरली, तशी खूण हातभर खाली, जाड बुंध्यावर आली. घेर भरला चार फूट एक इंच. कागदावरचा आकडा खोडून तिने नवा लिहिला आणि जाताना मला बजावलं, की बुंधा उघडा ठेवा, नाहीतर साल कुजेल.

“अजून थोडी माया केली असतीस, तर मेलंच असतं ते,” मुलगा म्हणाला. पण तो हसला नाही. “आता जिना कसा चढणार तू?”

“बसत बसत.”

“आणि पडलीस तर?”

ती भीती मलाही होती. मी जिन्याकडे वळले.

चढताना तो मागे राहिला. सातव्या पायरीवर मी टेकले, तोही टेकला, मातीचे हात गुडघ्यांवर ठेवून. मग तो भिंतीवर वीत लावत म्हणाला, की दोन्ही बाजूंना कठडा लागेल. मी म्हणाले, लाव. आम्ही दोघं बसूनच होतो, आणि मला वाटत होतं, घरच आम्हाला घेऊन सावकाश वर चाललंय.