बैठक चालू असताना

बैठक बोलावली थोरल्या दिरांनी. घरात सगळे त्यांना अध्यक्ष म्हणत, कारण इमारतीत नळ गळला तरी ते आधी सभा घेत. या वेळचा विषय होता त्यांच्या धाकट्या भावाची बायको. वय बेचाळीस, मुलगा कॉलेजात, मुलगी उंचीनं आईच्या वर गेलेली, आणि अशात तिला दिवस गेले होते.

तिनं नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला नकोय." तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." पण थोरल्या भावासमोर त्याची दातखीळ बसायची, आणि विचारल्यावर त्याच्या तोंडून बातमी तेवढी निसटली.

अध्यक्षांनी जिवाचं मोल, घराण्याची अब्रू वगैरे सुरू केलं. नवऱ्याचा वकील मित्र तिच्या बाजूनं उभा राहिला. "बाईचं शरीर, बाईचा निर्णय! कायदाही तेच म्हणतो!" त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"मला एवढंच म्हणायचं होतं की—" ती म्हणाली.

"वहिनी, एक मिनिट. मी तुमचीच बाजू मांडतोय," वकील म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला.

ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी बाई ती. भर चौकात स्टिअरिंग सोडून डोळे झाकणारी माणसं तिनं सांभाळली होती, पण तिच्याच घरात तिला कुणी बोलू देईना.

कोपऱ्यात सासूबाई सुपात शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग निरागस चेहऱ्यानं विचारलं, "पण समजा झालंच, तर नाव कुणी ठेवायचं?"

झालं! अध्यक्ष म्हणाले, मान थोरल्याचा. वकील म्हणाला, हक्क आईचा. बैठकीला फोनवरून हजर असलेली नणंद ओरडली, "मग आत्या कशाला असते?" रान पेटलेलं पाहून सासूबाईंनी टरफलं झटकली आणि सुनेला कोपरानं ढोसलं. दोघी स्वयंपाकघराच्या दारानं सटकल्या.

खाली शिकाऊ पाटीची गाडी उभी होती. सासूबाई थेट स्टिअरिंगमागे बसल्या. सून गेले काही महिने त्यांना गुपचूप गाडी शिकवत होती.

"आई, आज तरी मी चालवते."

"तू आज फक्त बस."

चढावर गाडी दोनदा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून कान किटवले. सासूबाईंनी काच खाली करून "घाई असेल तर उडून जा!" असं सुनावलं, आणि सून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. सासूबाईंनी ते पाहिलं, पण नजर रस्त्यावरच ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना बाहेर बसवलं. "कुणाचा दबाव आहे?"

"दोन्ही बाजूंनी भाषणं चालू आहेत. पण ठरवलंय मी."

"नवऱ्याची सही लागत नाही, माहीत आहे ना? काय ठरवलंय?"

"मला नकोय."

एवढंच. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. वाक्य पूर्ण झाल्याचंच तिला नवल वाटलं. तपासणी झाली, एक गोळी तिथेच घेतली, पुढच्या घरी कशा घ्यायच्या ते नीट समजून घेतलं.

परतल्या तेव्हा वाद आडनावावर पोचला होता. अध्यक्ष म्हणाले, "बरं झालं आलात. आता मतदान—"

"मी दवाखान्यात जाऊन आले," ती म्हणाली. "पहिली गोळी घेतली."

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद. "कुणाला विचारून?"

"डॉक्टरांनी मला विचारलं."

"आणि नेलं कुणी?"

"मी," सासूबाई पदरानं घाम टिपत म्हणाल्या. "गाडी चालवत."

"गाडी? आई, तू?" अध्यक्ष ताडकन उठले. "या वयात! कुणाला धडकलीस म्हणजे? परवानगी कुणी दिली तुला?"

वकिलानं तत्काळ बाजू बदलली. "वहिनी, इथे मात्र माझा आक्षेप आहे!" नणंद फोनवर किंचाळायला लागली. सासूबाई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या. "हं, बोला," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायची घाई नाही."

ती आत जाऊन पडली. थोड्या वेळानं नवरा दार ढकलून आला आणि पलंगाच्या कडेला अवघडून बसला.

"दुखतंय का?"

"अजून नाही. दुखेल."

"मी मघाशी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "दार लावून घे आधी."

त्यानं दार लावलं, आणि तिच्या पायांवर पांघरूण ओढून तिथेच बसून राहिला.