हल्ली मुक्काम

शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे 'वेलांटी' म्हणत. दुसऱ्याची वेलांटी चुकली की याच्या पोटात दुखे. लग्नाआधी बायकोने लिहिलेलं पहिलं पत्रसुद्धा त्याने लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. तेव्हा ती हसली होती. पुढे वीस वर्षं किराणाच्या यादीपासून तिने भावाला लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रापर्यंत याचं तेच चालू राहिलं. तिचं हसणं कधी थांबलं, हे मात्र या बारीक नजरेच्या माणसाला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

गेल्या वर्षी ती थोरल्या बहिणीकडे गेली. "जरा राहून येते," एवढंच म्हणाली. दर महिन्याला चार ओळींचं पत्र येई. पाकिटामागे तिच्या नावाखाली 'ह. मु.' लिहून बहिणीचा पत्ता. वेलांटीचा सगळा जीव त्या दोन अक्षरांत अडकला होता.

"ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम," तो संपादकबाईंना सांगे, जणू कोश काढणाऱ्या बाईंना ते ठाऊकच नव्हतं. "हल्ली मूळचा अरबी, 'हाल'वरून आलेला. म्हणजे सध्यापुरतं. आणि मुक्काम म्हणजे वाटेतला थांबा. कायमचा पत्ता दुसरीकडे असल्याशिवाय कुणी ह. मु. लिहीत नाही, बाई. तिचा कायमचा पत्ता माझ्या घराचा आहे!"

"मग जाऊन घेऊन या की," बाई म्हणाल्या. "व्युत्पत्ती सांगून माणसं परत येत नसतात."

"येईल हो. लिहितेय ना अजून."

या महिन्याचं पत्र दुपारी कचेरीतच आलं. त्याने सवयीने पाकीट उलटं केलं. नुसतं 'मु.' होतं. 'ह.' गळला असणार, घाईत होतं असं. त्याने पेन काढलं, 'मु.'च्या आधी काकपदाची खूण केली आणि वर नेटका 'ह.' भरला. मग पाकीट फोडलं.

'ह. चुकून राहिलेला नाही, मी गाळलाय. तुम्ही तो भरला असणार, मला माहीत आहे. मी इथेच नोकरी धरली आहे, ताईकडेच राहणार. इथे माझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी मध्ये बोलत नाही. राग नाही तुमच्यावर. पण मी आता येणार नाही.'

त्याने पत्र तीनदा वाचलं. कुठेतरी एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला सापडावा, म्हणजे रागाच्या भरात लिहिलंय असं म्हणता येईल, म्हणून तो ओळींवरून बोट फिरवत राहिला. एकही चूक नव्हती.

"काय झालं हो?" संपादकबाई उठून आल्या, तोवर पन्नाशीचा तो माणूस टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होता.

"आधी कच्चं लिहिलं असेल तिने, बाई," तो म्हणाला. "मग पक्कं करून पाठवलंय."