आजींच्या डाव्या खांद्यावरची मी

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाणी भरून शेकायची. मित्रांनो, डॉक्टरीणबाईंनी आजींचा आजार ओळखला आणि त्याच महिन्यात माझी नोकरी गेली. असो. तसं काही झालंच नाही असं धरून सुरुवातीपासून सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी गुलाबी होते आणि माझ्या पोटावर 'उकळतं पाणी भरू नये' असं छापलेलं होतं. या घरात ते कोणीही वाचलं नाही. आजींच्या डाव्या खांद्यावर मी सहा वर्षं काम केलं.

त्याच घरात आजोबांची काठी होती. आजोबांना कंपवात. त्यांचा हात असा थरथरायचा, की चहा आपसूक बशीत यायचा. पाहुणे आधी आजोबांची विचारपूस करत, मग काठीची. छान आहे, कुठून घेतली वगैरे. माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काठीच्या टोकाला रबराचं बूड आहे, म्हणजे आम्ही नात्यातल्या. पण ती ओळख देत नाही.

आजींचं काहीच थरथरत नव्हतं. खांदा दुखायचा, पाय जड व्हायचे, कशात मन लागायचं नाही. सून म्हणायची, वय झालं. मुलगा म्हणायचा, बाबांचं करून दमते. मला तो खांदा दिवसेंदिवस ताठ लागत होता, पण पिशवीला कोण विचारतो?

आजींनी आयुष्यभर शाळेच्या कचेरीत दाखले लिहिलेले. त्यामुळे आजोबांच्या तब्येतीची वही त्याच लिहीत. गोळी कधी घेतली, हात किती थरथरला, सगळं. पूर्वी एका पानात आठवडा मावायचा, हल्ली दोन महिने मावू लागले. आई कागद वाचवते म्हणून घरात कौतुक झालं.

आजोबांच्या तपासणीच्या दिवशी मी आजींच्या शालीखाली खांद्यावरच होते. डॉक्टरीणबाईंनी वही डोळ्यांजवळ नेली आणि आजोबांना म्हणाल्या, अक्षर फारच बारीक झालंय, हे आजाराचंच लक्षण. गोळ्या वाढवू या.

"अक्षर हिचं आहे," आजोबा म्हणाले.

मग बाईंनी आजींना दारापर्यंत चालायला लावलं. चालताना आजींचा डावा हात हललाच नाही. बाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं. तरी हलला नाही.

"पण मी कुठे थरथरतेय?" आजी म्हणाल्या. "आजारी हे आहेत."

"कंपवातात सगळेच थरथरत नाहीत, आजी. बायकांच्या बाबतीत पुष्कळदा आधी दुखणं, थकवा, उदासी असंच काही दिसतं. म्हणून ओळखायला उशीर होतो."

आजी बराच वेळ रुमालाची घडी करत राहिल्या. "म्हणजे मी उगीच कुरकुरत नव्हते."

"तसं मी कधी म्हटलं?" आजोबांनी विचारलं.

"रोज."

आता आजींची वही आजोबा लिहितात. ती कोणालाच वाचता येत नाही, पण एक दिवसही चुकत नाही. आजींना एक पिवळी गोळी मिळाली आहे. वाटाण्याएवढीही नाही, पण तिने खांदा सैल केला. जे मला सहा वर्षांत जमलं नाही, ते! मी न्हाणीघराच्या दारामागे लटकते आणि त्या गोळीवर जळते.

मित्रांनो, घरात जो थरथरत नाही, त्यालाही कुठे दुखतंय ते विचारत जा.

सबब विनंती, की आजींच्या डाव्या खांद्यास दर रविवारी अर्धा तास, डॉक्टरांच्या पूर्वपरवानगीने, किरकोळ दुखण्याची मुभा देण्यात यावी. अर्जदार उकळतं पाणीही सोसण्यास तयार आहे.