पिवळ्या जमिनीवरची वेल

ठमीने खुर्चीच्या बैठकीखाली पटाशी घातली आणि गंजलेला खिळा उपसून काढला. रेक्झिन सुटलं. त्याखाली एक विटकी मखमल, आणि तिच्याही खाली, भुशात मळलेलं, छापील कापड निघालं. तपकिरी जमिनीवर करड्या पानांची वेल.

जुन्या खुर्च्यांना नवं रूप देणं हा तिचा धंदा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याची सारी नोकरी कापड गिरणीत नक्ष्या काढण्यात गेलेली. ठमीने जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

आत्या आली. चष्मा कपाळावर सरकवून तिने कापड डोळ्यांशी धरलं.

"वेल माझी आहे," ती म्हणाली. "रंग साहेबांचे."

"म्हणजे?"

"मी पिवळ्याधमक जमिनीवर हिरवी पानं काढली होती. साहेब म्हणाले, बाई, हे बैठकीच्या खोलीसाठी आहे, सर्कशीच्या तंबूसाठी नाही." तिने कापड खाली ठेवलं. "खपलं मात्र भरपूर. मग मी काय बोलणार?"

खुर्च्यांची जोडी होती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. आजोबांची आठवण त्यांना नव्या फ्लॅटमध्ये हवी होती, आणि 'अगदी होती तशी' असं त्यांनी बजावलं होतं.

"तपकिरीच कर," आत्या म्हणाली. "उगाच गिऱ्हाईक तुटायचं."

ठमी पटाशीची धार अंगठ्याने चाचपत राहिली.

"खुर्च्या दोन आहेत, आत्या. एक त्यांची होऊ दे, एक तुझी."

तपकिरी कापड विनातक्रार छापून झालं. पिवळ्याने मात्र छपाईवाल्याला घाम फोडला. त्याने रंग कालवायचा, आणि आत्याने बोट बुडवून मान हलवायची. "हा आजारी आहे." "हा भित्रा आहे." शेवटी त्याने वैतागून डब्यातला उरलासुरला पिवळा भसकन ओतला. आत्याने बोट बुडवलं, आणि ते पुसायचं विसरली.

डॉक्टरीणबाई आईला घेऊनच आल्या. दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. आत्या मागे कापडाच्या गठ्ठ्यांपाशी, आपला काही संबंध नसल्यासारखी, घडी केलेलंच कापड पुन्हा घडी करत होती.

"हुबेहूब!" डॉक्टरीणबाई तपकिरी खुर्चीपाशी थांबल्या. "आणि ही? मी तर..."

ठमी पुढे झाली. "नक्षी तीच आहे. पण जिने काढली, तिला हे रंग हवे होते. आवडली नाही तर लगेच बदलून देते."

आई तपकिरी खुर्चीला वळसा घालून पुढे गेल्या. पिवळ्या खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, आणि मग चपला काढून दोन्ही पाय वर घेऊन ऐसपैस मांडी ठोकली.

"आई!"

"बाबा घरात आले की आम्ही भावंडं या खुर्च्यांवर चिडीचूप बसायचो. हूं नाही की चूं नाही." त्या हसायला लागल्या, आणि हसू काही केल्या आवरेना. "हिच्यावर तसं बसताच येणार नाही गं. त्या दुसरीलाही हेच लावा."

"अगं, पण आजोबांची आठवण..."

"आजोबांची मुलगी मी आहे. लावा तुम्ही." मग त्यांनी मान वळवली. "कुणी काढली म्हणालात नक्षी?"

ठमीने नुसतं मागे बोट दाखवलं. आत्याच्या हातातली घडी विस्कटली होती.

"तुम्ही होय?" आई तिथूनच म्हणाल्या. "मग एवढ्या मागे काय उभ्या राहिलात? या की, बसा!"

आत्या आली. कडेकडेने नाही, सरळ खोलीच्या मधून आली, आणि तपकिरी खुर्चीत बसली. दोघी म्हाताऱ्या बराच वेळ बोलत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने पडद्यांचंही माप सांगून टाकलं.

मंडळी गेल्यावर आत्याने पिवळी खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली आणि वाकून निरखत राहिली. ठमीला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. ती जवळ गेली.

"देठ फार जाड काढलेत मी," आत्या म्हणाली. "पडद्यांना हे चालायचं नाही. कागद आण बघू मोठा."