उकळलेल्या पाण्यातले थेंब

बाटलीवर चिकटवलेला कागद : प्रियल. चार थेंब, दिवसातून चार वेळा. शेवटची वेळ झोपताना.

"झोपताना नाही जमणार, मॅडम," चेलना म्हणाली. "चातुर्मास आहे. सूर्य मावळला की आमच्याकडे पाणीसुद्धा नाही."

"मग तीन वेळा द्या."

"आणि हे दारूत असतं ना? मी नेटवर वाचलं."

"मूळ अर्क ब्रँडीत असतो. तुम्हाला ग्लिसरीनमधला दिलाय. शिरपूरच्या एक जैन बाई याच खुर्चीत बसून मला तासभर झापून गेल्या, तेव्हापासून वेगळा ठेवते."

हे धुळ्यात, देवपुरात. संघमित्रा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि घराच्या पुढच्या खोलीत पुष्पौषधी, फुलांच्या अर्कांचे थेंब, देऊ लागली. चेलना पारोळ्याहून एसटीने आली होती. बरोबर तिची मुलगी, प्रियल, दहावीत.

पहिली तक्रार

प्रियल ध आणि घ यांची अदलाबदल करते. ओळ संपली की पुढची ओळ तिला सापडत नाही, मधली एक गाळून तिसरीवर जाते. पेपर अर्धा कोरा. विज्ञानाचं उत्तर तोंडी विचारलं तर वर्गात सगळ्यांच्या आधी. शाळेचं म्हणणं, लक्ष नाही. शिकवणीवाल्याचं म्हणणं, लक्ष नाही. वडिलांचं म्हणणं, होईल.

संघमित्राने तिच्यापुढे वर्तमानपत्र ठेवलं. प्रियलने मथळा वाचला, खालची बातमी सुरू केली, तिसऱ्या शब्दाशी थांबली.

"तोंडी विचारा ना, मॅडम. मधे कागद कशाला घालता?"

संघमित्रा हसली. मग चेलनाला म्हणाली, "हे थेंब धांदरटपणावर आहेत, स्वप्नात हरवण्यावर आहेत, आत्मविश्वासावर आहेत. मुलं थोडी शांत होतात, हा माझा अनुभव. पण थेंब अक्षरं शिकवत नाहीत. तेवीस वर्षं मी वर्गात उभी राहिले आहे, म्हणून सांगते. हिची जळगावला तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता निघाली तर बोर्डाला लेखनिक मिळतो, वेळ वाढवून मिळतो."

"शाळेनेही तेच सांगितलं. दिवाळीच्या आत कागद द्या म्हणाले."

"मग?"

चेलनाने प्रियलला समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली आणायला पाठवलं.

दुसरी तक्रार

"यांना मान्य नाही. पोरीच्या लग्नाच्या बायोडेटावर डाग लागेल म्हणतात. आईवडील दोघांनी यायचं असतं म्हणे. मी तारीख काढली की यांना नेमकं मालासाठी जायचं असतं. पालकसभेला मी. बँकेत मी. विम्याचा माणूस आला की हे चहा सांगायला जातात ते येतच नाहीत. माणूस वाईट नाही, मॅडम. हसतात, हसवतात आणि निसटतात. जबाबदारी टाळण्यावर काही आहे का तुमच्याकडे?"

"ते कशाला घाबरतात का?"

"हे? कोणाच्या बापाला घाबरत नाहीत."

संघमित्राने तरीही थोडा विचार केला. मग हसऱ्या चेहऱ्यामागे काही दडवणाऱ्यांसाठी जो अर्क असतो, तो दिला. दुसरी बाटली.

मनन

पारोळ्याच्या बाजारात चेलनाच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान. पितळ, स्टील, हल्ली नॉनस्टिक. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, हाई कढई जाड शे का?" मनन कढईवर टिचकी मारतो आणि म्हणतो, "ऐक. ही बोलते का बघ, आत्याबाई. पातळ कढई बोलते, जाड कढई ऐकून घेते." कढई जाते. कोणाच्या मुलीच्या लग्नात कोणती भांडी गेली हे त्याला तोंडपाठ असतं. बिलं चेलना करते, दुपारी, दुकानाच्या मागच्या बाजूला बसून.

जैन संघात त्याची एकच अडचण. पारोळ्याला साधू-साध्वींचा चातुर्मासाचा मुक्काम दरवर्षी नसतो. नसला की पर्युषणाच्या आठ दिवसांत संघातलेच पुरुष पाळीपाळीने स्थानकात, संघाच्या प्रार्थनास्थळी, पाटावर बसतात आणि ग्रंथ वाचतात. बाकीचे खाली बसून ऐकतात. मननची पाळी येते तेव्हा त्याचा घसा बसतो. एकदा सुरतेला गेला. एकदा पाय मुरगळला आणि दुसऱ्या दिवशी बरा झाला. संघाचे अध्यक्ष पुखराजकाका चारचौघांत म्हणाले होते, "मननचा घसा मोठा धार्मिक आहे. बरोबर पर्युषणात मौन धरतो." सगळे हसले. मननही हसला.

या वर्षीही पाळी लागली होती. शेवटून दुसरा दिवस.

घरात पाणी कसं होतं

सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळतं. परातीत ओतून गार होतं. मग गाळून हंड्यात. दिवसभर सगळे तेच पितात.

मनन बाटलीतले थेंब घेणार नव्हता. चेलनाने विचारलंच नाही. सरळ हंड्यात टाकले. प्रियलचेही त्यातच टाकले, कारण शाळेत बाटली काढून जिभेवर थेंब घ्यायला तिला लाज वाटायची. सासू सूरजबाई धरून घरातली चारही माणसं शिकण्याच्या अडचणीवरचं आणि जबाबदारी टाळण्यावरचं औषध पिऊ लागली. कोणाला काही झालं नाही. प्रियलच्या चाचणीत ध आणि घ होते तिथेच होते. मननने जळगावची आणखी एक तारीख घालवली.

मग पर्युषण लागलं आणि सूरजबाईंनी अठाई धरली.

अठाई म्हणजे आठ दिवसांचा उपवास, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. पाण्यात दुसरं काही पडलं, औषध पडलं, तर उपवास मोडला. हे चेलनाला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून तिने सासूसाठी वेगळी कळशी भरायला सुरुवात केली आणि कळशी देवघराजवळ ठेवली.

रविवार होता. सूरजबाईंचा उपवास मध्यावर आलेला. सामायिकाची ध्यानाची बैठक संपवून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आवाज खोल गेलेला. "प्रियल, पाणी दे बेटा."

प्रियलने हंड्यातून पेला भरून दिला.

चेलना स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने बघितलं. तोंड उघडेपर्यंत सूरजबाई अर्धा पेला प्यायल्या होत्या.

कोणालाच कळलं नव्हतं.

कळणारही नव्हतं. पारणं झालं असतं, नातेवाईक आले असते, चौकात मांडव पडला असता. चेलना परत आत गेली. गॅस पुसला. पुसलेला गॅस पुन्हा पुसला. नवऱ्याबद्दल ती देवपुरात जे जे बोलली होती ते तिला आठवलं. माणूस वाईट नाही, मॅडम, निसटतो.

ती बाहेर आली आणि सासूसमोर बसली.

"मम्मी, तुमचा उपवास मोडला. माझ्यामुळे."

"काय?"

"हंड्याच्या पाण्यात औषध असतं. मी टाकते. फुलांचं आहे. तुमची कळशी वेगळी होती, पण आत्ता प्रियलने हंड्यातलं दिलं."

प्रियल पेला हातात धरून उभी राहिली. "मला कुठे माहीत होतं?"

"तुझी चूक नाही."

सूरजबाईंनी पदराने ओठ पुसले. मग म्हणाल्या, "कोणासाठी टाकतेस?"

"हिच्यासाठी. आणि यांच्यासाठी."

"मननला काय झालं?"

"काही नाही झालं. तेच तर. कशाला पुढे होत नाहीत. पोरीची तपासणी राहिली, दिवाळी आली. म्हणून जबाबदारी टाळण्यावरचं..."

"बिनणी, त्याचं औषध नसतं," सूरजबाई सुनेला म्हणाल्या. "त्याला वाचता येत नाही."

चेलनाला वाटलं, उपासाने बोलतायत.

"असं बघू नकोस. मला चक्कर नाही आलेली. पाटीवर एक ओळ वाचायला त्याला सकाळची दुपार व्हायची. मास्तर मारायचे. याचे वडील म्हणाले, दुकानात बसव, हुशार आहे. हुशार होताच. दहावीला दोनदा बसला, मग मी सांगत सुटले, पोराला शिकायचं नाही, व्यापाराचा नाद आहे. तुझ्या घरच्यांनाही तेच सांगितलं."

"इतकी वर्षं मी बिलं करते," चेलना म्हणाली. "मला वाटलं, आळस."

"तुला तसंच वाटू दिलं त्याने. आळशी म्हटलेलं परवडतं त्याला."

"आणि तुमचा उपवास?"

"उपवास माझा आहे, तो मी बघेन. अजाणता झालं. धुळ्याला चातुर्मासात असलेल्या साध्वीजींना विचारून प्रायश्चित्त घेईन. आज पाणीही बंद." मग त्या किंचित हसल्या. "अर्ध्या पेल्यात एवढं बोलले. हंडाभर प्यायलेला कधी बोलेल?"

जेवायला आला तेव्हा

मनन हात धुऊन पाटावर बसला. समोर आई, बायको, मुलगी. ताट नाही.

"काय, आज माझाही उपवास?"

"मी हिला सांगितलं," सूरजबाई म्हणाल्या. "वाचण्याचं."

तो हसला. हसणं मधेच थांबलं. मग चेलनाकडे न बघता म्हणाला, "हंड्यापाशी कसली बाटली दिसली मला? पाण्यात काय टाकता?"

"फुलं," प्रियल म्हणाली. "पप्पा, तुमची अक्षरं पण उलटी होतात?"

चेलना उठून ताट वाढायला जाणार होती. गेली नाही.

"उलटी नाही होत," मनन म्हणाला. "सगळी एकदम येतात. दिवाळीच्या बाजारात गिऱ्हाईक येतं तशी. हा म्हणतो मला, तो म्हणतो मला. एकाला थांब म्हणेपर्यंत दुसरा निघून जातो."

"माझी रांगेत असतात. पण तोंड फिरवून उभी राहतात."

"हं."

"मग तपासणीला का नाही येत?"

"तिथे आईवडिलांनाही विचारतात. घरात आणखी कोणाला आहे का. लिहून द्या म्हणतात. माझ्यासमोर कागद ठेवतील, तुझी मम्मी बसलेली असेल, तू बसलेली असशील." तो चेलनाकडे वळला. "बायोडेटावर डाग लागेल, असं मी म्हणत होतो ना? ते मी असंच म्हणत होतो."

"माहीत आहे," चेलना म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

पुखराजकाकांच्या ओट्यावर

"काका, परवा माझी पाळी आहे."

"घसा बसला का?"

"घसा ठीक आहे. मला वाचता येत नाही."

"चष्मा लागला असेल. नंबर काढून घे."

"चष्म्याने नाही होत. लहानपणापासून नाही येत. हळूहळू चारपाच ओळी येतात. सगळ्यांसमोर तेवढ्याही येणार नाहीत."

"थट्टा करतोस?"

"नाही."

पुखराजकाकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "अरे, मग इतकी वर्षं सुरत, पाय, घसा... एकदा कानात सांगितलं असतं तर मी पाळीच लावली नसती."

"तुम्ही कानात ठेवलं असतं?"

काका विचारात पडले. "नसतं ठेवलं," ते म्हणाले.

पाळी दुसऱ्याला गेली. वाचन झालं. मनन खाली बसून ऐकत होता. दोघातिघांनी वळून बघितलं, म्हणजे काकांनी कानात ठेवलं नव्हतं. पारण्याच्या दिवशी सूरजबाईंनी मांडव घालू दिला नाही. कारण विचारणाऱ्यांना त्यांनी खरं ते सांगितलं, पाण्यात औषध होतं. चेलनाला वाईट वाटलं, पण सासूला थांबवता येण्यासारखं नव्हतं.

फोन

"मॅडम, पारोळ्याहून चेलना. दुसऱ्या बाटलीतलं उरलंय, ते टाकून देऊ का?"

"का? फरक नाही पडला?"

चेलनाने सगळं सांगितलं. संघमित्राने मधे एकदाही तोडलं नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला," शेवटी ती म्हणाली. "कशाला घाबरतात का म्हणून."

"मला खरंच वाटत होतं, नाहीत घाबरत."

"मग मीच त्यांना बोलवायला हवं होतं. माणूस न बघता बाटली दिली. तसं मी देत नाही. तुमच्यासाठी दिली." मग ती म्हणाली, "टाकून द्या. प्रियलचे चालू ठेवायचे तर ठेवा, तिच्या इच्छेने, तिच्या पेल्यात. पण तारीख कधीची आहे?"

"गुरुवारची."

"ते येणार आहेत?"

"हो म्हणालेत."

आधीच्या सगळ्या तारखांनाही तो हो म्हणाला होता. हे दोघींना माहीत होतं. दोघींनी ते बोलायचं टाळलं.

गुरुवारी, जळगाव

मनन आला. एरंडोलपर्यंत त्याने प्रियलला हसवत ठेवलं, नंतर गप्प बसला. दवाखान्यात बाकांवर गर्दी होती. खिडकीतल्या बाईने एक कागद बाहेर सरकवला. "वडिलांनी भरा."

चेलनाने सवयीने हात पुढे केला. मननने कागद आधी घेतला. पहिल्या ओळीवर त्याचा अंगठा थांबला. मागचा माणूस पुढे रेटत होता. त्याने कागद परत खिडकीत ठेवला.

"ताई, हा मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा, मी सांगतो."

"अंगठा का?"

"नाही. सही येते. वाचता येत नाही."

बाईने कंटाळून पेन उचललं. नाव. वय. धंदा. तो उत्तरं देत गेला, मोठ्याने, दुकानात बोलतो तशी. मागच्या रांगेने सगळं ऐकलं.

प्रियल आधी एकटी आत गेली. पुष्कळ वेळाने दार उघडलं आणि तिने डोकं बाहेर काढलं.

"पप्पा, तुम्ही या म्हणतायत. तुमच्या शाळेचं विचारायचंय."

"दोघांनी?" चेलना उठत म्हणाली.

"नाही. फक्त पप्पा."

मनन उठला. शर्ट खाली ओढला. चेलनाकडे बघून काहीतरी गंमत करेल असं वाटलं, पण त्याने काही केली नाही. आत लहानशी खोली होती, टेबलावर चित्रांची पुस्तकं, दोन खुर्च्या लहान मुलांच्या उंचीच्या. तो त्यातल्या एकीवर गुडघे दुमडून बसला. शेजारच्या खुर्चीवर प्रियल बसली.

"दार लावून घ्या," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

मनन पुन्हा उठला आणि त्याने दार लावून घेतलं.