गारबाबा आणि किंचाळणारा दगड

गारबाबांनी पांढरा खडा पातेल्यात सोडला आणि पाणी खदखदायला लागलं. खाली शेगडी नाही, चूल नाही, साधी पेटती काडीसुद्धा नाही. पातेल्याच्या काठावरून पांढराशुभ्र धूर उतू गेला, टेबलावरून ओघळला आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या पावलांपर्यंत सरपटत आला. बायकांनी दचकून पाय वर घेतले, मग पाप लागेल म्हणून पुन्हा खाली ठेवले.

"घाला बोट पाण्यात! घाबरता काय?" बाबा गरजले.

एका निवृत्त कारकुनाने भीत भीत वरच्यावर बोट बुडवलं. "अहो, हे तर गार आहे!"

"उकळतंय आणि गार आहे!" बाबांनी हात पसरले. "विचारा विज्ञानाला, हे कसं? विज्ञान काय करेल? डोकं खाजवेल!"

विज्ञान तिथे हजर नव्हतं, त्यामुळे खाजवायचा प्रश्न आला नाही. टाळ्या मात्र कडाडल्या.

मग बाबांनी मोठ्या पांढऱ्या दगडावर स्टीलचा चमचा दाबला. दगड कर्कश किंचाळला. "ऐका! तुमची दुखणी ओरडतायत. पळायला वाट शोधतायत!" किराणा दुकानदाराने शेजाऱ्याला खात्रीने सांगितलं, की हा आवाज थेट त्याच्या पाठदुखीचा. पाठदुखीचा आवाज त्याने आधी कुठे ऐकला होता, हे शेजाऱ्याने विचारलं नाही.

तिसऱ्या रांगेत एक बाई बसली होती; सगळे तिला मावशीच म्हणत. डोंगरात शिबिरं नेणाऱ्या एका मंडळाची ती आचारी. चाळीस माणसांचं पाच दिवसांचं जेवण, तेही जिथे वीज नाही तिथे, हे तिचं वीस वर्षांचं काम. ती आली होती धाकट्या बहिणीच्या हट्टाखातर, आणि पातेल्यातला धूर पाहिल्यापासून तिला हसू आवरत नव्हतं.

"धाकटे, अगं हा कोरडा बर्फ आहे," ती कुजबुजली. "माझ्या थर्माकोलच्या पेटीत असतो तो. कागदात गुंडाळून सगळ्यात वर ठेवायचा, मध्ये पुठ्ठा घालायचा, नाहीतर दुधाच्या पिशव्या दगड होतात."

"ताई, तुला देवळात नेलं तरी स्वयंपाकघरच दिसेल," धाकटी फणकारली. "बाबांनी मला बरं केलंय. पंधरा दिवस झाले, पंप ओढला नाही मी."

मावशीचं हसू जागीच विरलं. धाकटीला लहानपणापासून दमा. "पंप कुठाय?"

"त्या टोपलीत. दुखणं सोडायचं तर औषधही सोडावं लागतं." दाराशी ठेवलेली टोपली गोळ्यांच्या पाकिटांनी भरली होती. "आणि पुढच्या रविवारी मला शीतगुहेत बसायला मिळणार आहे!"

शीतगुहा म्हणजे हॉलखालचं तळघर. पूर्वी तिथे कागदाचे गठ्ठे ठेवायचे. खिडकी नाही, झरोका नाही, एकच अरुंद जिना. बाबा सांगत होते, "गुहेत शुभ्र शिळांमध्ये बसा. डोकं जड होईल, ऊर धपापेल, भान हरपेल. पाच मिनिटांत समाधी!"

ही समाधी मावशीने पाहिली होती. मंडळाचा ड्रायव्हर एकदा पेट्या भरलेल्या गाडीत काचा लावून दुपारचा आडवा झाला होता. दार उघडलं तेव्हा तो घामाघूम होऊन धापा टाकत होता, आपण कुठे आहोत हेही त्याला कळत नव्हतं. तेव्हापासून कोरडा बर्फ नेताना गाडीच्या काचा खाली, हा मावशीचा कायदा होता.

आठवडाभर तिने धाकटीला समजावलं, पण ती नुसती तोंडाची वाफ ठरली. बहिणीचं बोलणं फुकटचं, बाबांचं बोलणं माईकवरचं. शेवटी पुढच्या रविवारी सकाळी मावशी आपली पेटी काखोटीला मारून थेट हॉलमध्ये शिरली.

तिने बाबांच्या टेबलाशेजारी पेटी ठेवली, जाड हातमोजे चढवले आणि एक खडा काढून भांडंभर पाण्यात टाकला. खदखद. धूर. गर्दीत खळबळ उडाली.

"बाई, हे काय आरंभलंय?" बाबा ओरडले.

"तुम्ही करता तेच. फक्त माझा दगड कोबी आणि लोण्याच्या शेजारून आलाय." तिने चमचा दाबला. तिचाही दगड किंचाळला, जरा जास्तच. "ऐकलंत? आता ही कुणाची पाठदुखी?"

दुकानदाराने मान खाली घातली.

"आमच्या सान्निध्यानं हिच्या दगडात शक्ती उतरली!" बाबांनी पलटी खाल्ली. पाचपन्नास माना लगेच डोलल्याही. "चला, गुहेची वेळ झाली. पहिली कोण?"

धाकटी उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने पाऊलही ठेवलं.

"थांब!" मावशीचा आवाज फाटला. "तुला माझं ऐकायचं नाही ना? नको ऐकूस. नुसतं बघ." तिने लांब दांड्याच्या डावाला मेणबत्ती बांधली, पेटवली आणि जिन्यावरून खाली सोडली. चौथ्या पायरीपाशी ज्योत आखडली आणि विझली. तिने पुन्हा पेटवली. पुन्हा तिथेच विझली.

"वारा आहे," बाबा म्हणाले.

"तळघरात वारा?"

कारकून पुढे झाला. त्याने बाबांच्याच टेबलावरची मेणबत्ती पेटवून डावाला बांधली आणि स्वतःच्या हाताने डाव खाली सोडला. चौथी पायरी. अंधार. त्याने डाव झटकन वर ओढला. गेल्याच महिन्यात तो त्या खोलीत समाधिस्थ झाला होता.

"बाबा," मावशी म्हणाली, "तुमचीच गुहा. तुम्हीच दहा मिनिटं बसून दाखवा. आम्ही इथे थांबतो."

बाबांनी जिन्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आमचं स्थान," ते म्हणाले, "वर आहे."

मग कारकुनाला हसू फुटलं आणि बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. त्या गदारोळात बाबांनी मागच्या दाराने स्थान बदललं.

धाकटीला मात्र धाप लागली होती. मावशीने टोपली टेबलावर पालथी केली, पंप शोधून तिच्या हातात दिला आणि ती नीट श्वास घेईपर्यंत पाठ चोळत राहिली. मग लोकांकडे वळली.

"हा बर्फ पाण्याचा नाही. आपण श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तोच गोठवलेला. तो वितळत नाही, सरळ वायू होऊन उडतो, म्हणून ओल राहत नाही. पाण्यात दिसतात ते त्याचे बुडबुडे, ते उकळणं नव्हे. धूर म्हणजे गारठ्याने झालेलं धुकं. चमच्याच्या उबेने वायू जोरात सुटतो, चमचा थरथरतो, तेच किंचाळणं. हा वायू हवेपेक्षा जड, तळघरात पाण्यासारखा साचतो. त्यात बसलात तर आधी डोकं दुखतं, मग भान जातं, मग जीव. ती समाधी नाही, गुदमरणं आहे."

"पण ताई, मला खरंच बरं वाटत होतं गं," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

"वाटलं असेल. दोनशे माणसं टाळ्या वाजवत असली की कुणालाही बरं वाटतं. दम्याला टाळ्या ऐकू येत नाहीत."

लोक आपापल्या गोळ्या शोधायला टेबलाभोवती जमले. तेवढ्यात एक बाई हात जोडून मावशीपुढे आली. "तुमच्यात बाबांपेक्षा मोठी शक्ती आहे. माझ्या गुडघ्यावर जरा हात ठेवा ना."

मावशीने कपाळाला हात लावला. "शक्तीबिक्ती काही नाही हो, माहिती आहे. ती तुम्हालाही मिळेल, विचारलंत तर. गुडघा डॉक्टरला दाखवा. आणि पुन्हा कुणी चमत्कार केला, तर टाळ्या खुशाल वाजवा, पण 'हे कसं केलं?' एवढं विचाराच. सांगणारा असेल तर शिकून घ्या. चिडणारा असेल तर सरळ आपल्या घरी जा, आणि औषध वेळेवर घ्या."