गरम, कोमट आणि थंड

मी एक यादी. किराण्याची नाही, आणि लग्नात मानापानावरून भांडणं लावणारी तर मुळीच नाही. चंद्रपुरातल्या कमरुद्दीन पिंजाऱ्याच्या गादी-रजईच्या दुकानाची मी ईमेल-यादी. सहाशे बारा माणसांचे पत्ते पोटात घेऊन संगणकात मुकाट पडून असते. आम्ही याद्या सहसा बोलत नाही. पण गेल्या साली माझे तीन तुकडे झाले आणि मला कुणी विचारलंही नाही, म्हणून आज तोंड उघडते आहे.

मला जन्म दिला कमरुद्दीनच्या लेकीनं, नाहीदनं. गादी पिंजायला कुणी आलं की ती विचारायची, "भाऊ, ईमेल आहे काय तुमचा? थंडीच्या आधी खबर करीन." कुणी मुलाचा पत्ता द्यायचं, कुणी जावयाचा. चिमूरच्या एका निवृत्त मास्तरांनी आपला पत्ता तीनदा लिहवून घेतला आणि तिन्हीदा चष्मा पुसून तपासला.

नाहीद वर्षाला दोनच पत्रं धाडायची. त्यातलं आश्विनातलं मोठं मोलाचं. मजकूर चार ओळींचा: रजयांचं काम सुरू होऊन राह्यलं, दिवाळीपर्यंत सांगा, मग रुई उरत नाई. फोटो नाही, नाचणारी अक्षरं नाहीत. लोक वाचायचे आणि यायचे. कुणी पत्र किती वेळा उघडलं हे मोजायची बुद्धी तिला कधी झाली नाही, बिचारी अडाणीच म्हणायची. मग तिचं लग्न झालं, ती चिमूरला गेली, आणि माझी किल्ली आली तौसीफच्या हाती.

तौसीफ म्हणजे कमरुद्दीनचा भाचा. नागपुरात तीन दिवसांचं शिबिर करून आला आणि प्रमाणपत्र पिंजण्याच्या यंत्रावर टांगलं. पंधरवड्यात त्यावर इतकी रुई बसली की नाव वाचता येईना. पण ज्ञान शाबूत होतं.

"मामू, यादीतल्या लोकायचं तापमान पाहा लागते," तो म्हणाला.

"डाक्टर झाला काय बे तू?"

मग त्यानं समजावलं. माणसानं पत्र उघडलं की पत्रं धाडणाऱ्या यंत्राला गुपचूप निरोप येतो. नेहमी उघडणारा गरम, अधूनमधून उघडणारा कोमट, आणि वर्षभरात एकदाही न उघडणारा थंड. गरमांचे लाड करायचे, थंडांना नारळ द्यायचा. "थंड्यायले पत्रं धाडतच राह्यलो, तर आपली पत्रं सगळ्यायच्याच कचऱ्यात जाऊन पडतात, मामू."

हे खोटं नव्हतं. औषध चांगलंच होतं हो. नाडी पाहायची तेवढी राहिली.

गरमांत पहिला नंबर आला कोरपन्याकडच्या एका कंपनीतल्या साहेबांचा. पत्र गेलं की सेकंदात उघडायचं, त्यातली प्रत्येक लिंक दाबली जायची. तौसीफ हरखून गेला. इतकं रजईवेडं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होतं की तो माणूसच नाही. कंपनीनं पहाऱ्याला एक यंत्र बसवलंय; आलेलं प्रत्येक पत्र ते उघडतं, आत काही विषारी नाही ना ते दाबून पाहतं. पण मला विचारतो कोण?

आणि थंडांत अगदी तळाला होत्या रंजीताबाई.

हेमलकसाच्याही पुढं जंगलात मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथल्या या अधीक्षिका. गावात रेंज नाही. म्हणून दर गुरुवारी पोचू जीपवाला सगळ्या गावाचे मोबाईल एका पिशवीत भरतो, टेकडीवर जाऊन मोहाच्या झाडाखाली तासभर बसतो. पत्रं, निरोप सगळं मोबाईलमध्ये उतरलं की पिशवी घेऊन खाली येतो. मग ज्याचं तो घरी बसून वाचतो. रंजीताबाई माझं पत्र तीनदा वाचायच्या आणि जीपबरोबर चिठ्ठी धाडायच्या: चाळीस रजया, टाके मागच्यासारखेच घट्ट. पण वाचताना रेंज नसल्यानं उघडल्याचा निरोप यंत्राला कधी पोचलाच नाही. यंत्राच्या लेखी ती बाई मेलेलीच होती. ही हकिकत मला फार नंतर, पोचूच्या तोंडून कळली.

कमरुद्दीननं एकदा विचारलं होतं, "ते हेमलकसाकडली बाई दरसाली रजया नेते, ते कोणत्या खान्यात हाय?"

तौसीफनं माझ्यात शोधलं. बाईंच्या पत्त्यात नावाऐवजी नुसते आकडे. "असं नावच नाई इथी, मामू."

"नसन. चिठ्ठी तं येतेच तिची," म्हणून कमरुद्दीन कामाला लागला.

आश्विनाचं पत्र त्या साली थंडांना गेलंच नाही. त्याऐवजी गुलाबी रंगाचं एक प्रेमपत्र गेलं. 'तुमची फार आठवण येते! सोबत राहायचं असेल तर सात दिवसांत खालचं बटण दाबा, नाहीतर हा आमचा शेवटचा नमस्कार.' गेलं बुधवारी. गुरुवारी पिशवीतून उतरून बाईंच्या हाती पडलं. त्यांनी बटण दाबलं. रेंजच नाही, तर नुसतं चाक फिरत राहिलं. तीन दिवस दाबत होत्या. पुढच्या गुरुवारी पोचूनं टेकडीवर जाऊन दाबलं, तर बटण म्हणालं, मुदत संपली. कालच.

मग बाईंनी चिठ्ठी लिहिली नाही. ज्यांनी शेवटचा नमस्कार केला, त्यांच्या दारात कशाला जायचं? इकडं कमरुद्दीन चिठ्ठीची वाट पाहत होता. दिवाळी आली, चिठ्ठी आली नाही. "दुसरा पिंजारी पाह्यला वाटते बाईनं. सांगून तं जायचं होतं," एवढंच बोलला आणि तिच्यासाठी राखलेली रुई बाजूला सारली. तिला शेवटचा नमस्कार गेलाय, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण यादीला घसा कुठला?

उरलेल्या रुईचे तौसीफनं गरमांसाठी मखमली लोड भरले. चाळीस नग. त्यातला एक मोटरसायकलला बांधून तो लाडक्या साहेबांना भेट द्यायला कोरपन्याकडं गेला. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "त्या सायबाले रिटायर होऊन दोन साल झाले. कोणाचं पत्र उघडून राह्यले म्हणता?"

लोड परत आला. गरमांपैकी कुणी लोड मागितला नाही. मागतील कशाला, पत्र उघडायला काय जातं?

मार्गशीर्षात पोचू दुकानात आला. चंद्रपुरात जीपचं काम होतं, जाता जाता बाईंचं पत्र दिलं. कमरुद्दीननं ते मोठ्यानं वाचलं.

'कमरुद्दीनभाऊ, आमचं काय चुकलं? मी तीन दिवस बटण दाबलं. जुन्या रजया विरल्या, पोरी दोघी-दोघी एकीत झोपून राह्यल्या. धाकट्या सोमारीले तं खोकलाच लागला. नाई म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं होतं.'

"काऊन दाबाले लावलं बे त्या बाईले?" कमरुद्दीननं तौसीफला विचारलं.

पोचूनं टेकडी, पिशवी आणि गुरुवार सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भाच्याची मान खाली गेली. तो वाईट नाही हो, घाईचा आहे.

कमरुद्दीननं कात्री घेतली आणि पहिला लोड उसवला. "यंत्रावर बस," म्हणाला. मामा-भाचे आठ दिवस ती रुई पुन्हा पिंजत होते. खोळींना कापड पुरेना, म्हणून लोडांची मखमलही लावली. तौसीफ स्वतः जीपमध्ये बसून चाळीस रजया पोचवून आला. साहेबलोकांसाठी आणलेली लाल मखमल आता हेमलकसापुढच्या पोरी पांघरतात, आणि मला विचाराल तर तिला याहून चांगली जागा मिळाली नसती.

परत आल्यावर त्यानं बाईंचा पत्ता माझ्यात घालायचा यत्न केला. एकदा निरोप दिलेला पत्ता यंत्र पुन्हा घेईना. आता तो आश्विनात पोचूबरोबर हातानं चिठ्ठी लिहून धाडणार आहे.

लोकहो, माझे तुकडे करा, माझी ना नाही. गठ्ठ्यानं सगळ्यांना एकच पत्र धाडण्यापेक्षा ते बरंच. पण कुणाला थंड ठरवण्याआधी एकदा तोंडानं विचारा. त्या खान्यात दोनशे सात नावं होती. एकीसाठी पोचू आला. बाकी दोनशे सहा जणांची बटणं कुठं अडली, मला अजून कळलेलं नाही.